धागा: ताऱ्यांचा रंग, अंतर आणि तेज – हाताने हलवता येणाऱ्या साधनांतून कसं शिकवायचं?

मघा_१० | २ डिसेंबर, रात्री ८.४५

आठवी-नववीची मुलं किंवा मोठ्यांचा गट, ९० मिनिटं, एक प्रोजेक्टर, पाचसात मोबाईल आणि इंटरनेटची खात्री नाही, असं गृहीत धरून एक सत्र बांधते आहे. आराखडा खाली देते. चुका दाखवा, भर घाला.

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत एक ठरलेली पद्धत असते. पडद्यावर स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर लावायचं आणि बोलणाऱ्याने एकेक नक्षत्र दाखवत जायचं. बघणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. पडदा कितीही सुंदर दिसला तरी तो फळाच, फक्त काळा. माझ्या मते साधन असं हवं की शिकणाऱ्याने आधी अंदाज करावा, मग स्वतः काहीतरी हलवावं, आणि अंदाज चुकला तर का चुकला ते त्याच साधनात दिसावं.

सत्राचा गाभा म्हणजे एचआर आकृती: आडव्या अक्षावर ताऱ्याचा रंग, उभ्या अक्षावर खरं तेज. ही आकृती तयार दाखवायची नाही, जमिनीवर मांडायची. शाळेच्या खोलीत ३० सेंमीच्या लाद्या असतील तर आलेखकागद आयताच मिळतो. आडव्या ८ लाद्या आणि उभ्या १२ लाद्या चिकटपट्टीने आखून घ्यायच्या.

आडवा अक्ष: बी–व्ही रंगांक (निळ्या आणि पिवळट-हिरव्या गाळणीतून मोजलेल्या तेजातला फरक; जितका कमी तितका तारा निळा) उणे ०.४ ते २.०. एका लादीला ०.३.
उभा अक्ष: निरपेक्ष प्रत (खरं तेज सांगणारा आकडा, कमी म्हणजे जास्त तेजस्वी) वर उणे ८, खाली अधिक १६. एका लादीला २ प्रती.

कार्डांचे दोन गठ्ठे. पहिल्यात आकाशातले सर्वांत ठळक २० तारे: व्याध, अगस्त्य, मित्र, स्वाती, अभिजित, ब्रह्महृदय, राजन्य, प्रश्वा, अग्रनद, काक्षी, श्रवण, रोहिणी, चित्रा, ज्येष्ठा वगैरे. दुसऱ्यात सूर्याच्या सर्वांत जवळचे २०: प्रॉक्सिमा, बर्नार्डचा तारा, वुल्फ ३५९, लालांद २११८५, रॉस १५४ अशी मंडळी. प्रत्येक कार्डावर नाव, रंगांक, दृश्यप्रत (आपल्याला दिसणारं तेज) आणि अंतर. निरपेक्ष प्रत लिहायची नाही, ती मुलांनी काढायची. अंतराऐवजी पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जेवढा सरकलेला दिसतो तो कोन; तारा दूर तर कोन लहान) कोनाच्या मिलिसेकंदांत दिला तर सूत्र सोपं होतं: निरपेक्ष प्रत = दृश्यप्रत + ५ × लॉग (पराशय) – १०. व्याधाचा पराशय ३७९, लॉग २.५७९, पाचपट १२.८९, वजा १० म्हणजे २.८९, त्यात उणे १.४६ मिळवले की १.४३. लॉग न शिकलेल्या गटासाठी पराशयावरून थेट वाचायचा तक्ता छापून द्यायचा.

आधी पहिला गठ्ठा मांडायचा. जवळजवळ सगळी कार्डं वरच्या अर्ध्या भागात पडतात आणि सूर्याचं कार्ड त्यांच्याखाली एकटं दिसतं. इथे विचारायचं: सूर्य किरकोळ तारा आहे का? बहुतेकांचं उत्तर ‘हो’ येतं. मग दुसरा गठ्ठा मांडायचा. तो उजव्या खालच्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसतो आणि आता सूर्य त्या बहुतेकांच्या वर असतो. दोन्ही गठ्ठ्यांत सापडणारे तारे तीनच: मित्र, व्याध, प्रश्वा. उजेडामुळे दिसणारे तारे आणि प्रत्यक्षात आसपास असणारे तारे या दोन वेगळ्या याद्या आहेत, हे जमिनीवरच्या कार्डांतून जसं कळतं तसं कुठल्याही भाषणातून कळत नाही.

जमिनीवरची मांडणी झाली की तेच पडद्यावर: दोन बटणं, ‘ठळक’ आणि ‘जवळचे’, आणि ठिपक्यावर बोट ठेवलं की नाव. यासाठी साधं वेबपान हवं आहे. विदा (डेटा) कुठून घ्यावी यावर सल्ला द्या.

आकडेमोड | २ डिसेंबर, रात्री १०.२०

लाद्यांची कल्पना उत्तम. विदेबद्दल सांगतो, कारण इथेच बहुतेकांची आकृती बिघडते.

गाया या ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या युरोपीय अवकाशयानाची विदा नवी आणि अचूक आहे म्हणून लोक थेट तिकडे जातात. २०२२ च्या तिसऱ्या प्रकाशनात सुमारे १८० कोटी स्रोत आहेत. पण गाया फार तेजस्वी ताऱ्यांसाठी बनलेली नाही. साधारण तिसऱ्या प्रतीपेक्षा ठळक ताऱ्यांनी तिचे संवेदक भरून जातात. अभिजित किंवा काक्षी शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांसाठी हिप्पार्कसच घ्या. हे यान १९८९ मध्ये गेलं, सूची १९९७ मध्ये आली, तारे १,१८,२१८. जवळच्या मंद बटूंसाठी ग्लीझची सूची. या दोन्ही आणि येलची ठळक ताऱ्यांची सूची एकत्र करून ‘एचवायजी’ नावाची सीएसव्ही फाइल मिळते, सत्रासाठी ती पुरते.

या फाइलमधले तीन खड्डे:

१) ज्यांचा पराशय मिळाला नाही किंवा विश्वासार्ह नाही त्यांच्या अंतराच्या रकान्यात १,००,००० पार्सेक (अंतराचं एकक) लिहिलेलं असतं. ते खरं अंतर नव्हे, खूणचिठ्ठी आहे. न गाळता आकृती काढली की माथ्यावर खोट्या अतितेजस्वी ताऱ्यांचा एक थरच येतो आणि कोणीतरी विचारतं, हे कोण?

२) काही ताऱ्यांचा रंगांक रिकामा आहे. जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या मजकुराची संख्या केली की शून्य होतं. परिणामी रंगांक शून्यावर ठिपक्यांची सरळ उभी रेघ उमटते. अशी रेघ दिसली तर खगोलशास्त्रात कारण शोधू नका, रिकामे रकाने शोधा.

३) पहिली ओळ सूर्याची. अंतर शून्य, दृश्यप्रत उणे २६.७. ठिपक्याचा आकार दृश्यप्रतीवरून ठरवत असाल तर सूर्य सगळा पडदा व्यापेल. त्याला वेगळा हाताळा.

आणि एक: गायाचा रंग बीपी–आरपी (तिच्या स्वतःच्या निळ्या आणि लाल पट्ट्यांतला फरक) असतो, बी–व्ही नव्हे. सूर्याचा बी–व्ही ०.६५, बीपी–आरपी साधारण ०.८२. दोन्ही एका अक्षावर मिसळले की मुख्य क्रम (आकृतीवरची बहुतेक ताऱ्यांची तिरपी पट्टी) दुहेरी दिसतो.

प्रकाशरेघ | ३ डिसेंबर, सकाळी ७.३०

@मघा_१०, रंगांक हा आकडा मुलांच्या हातात कोरा देऊ नका. त्याआधी १५ मिनिटं ‘रंग म्हणजे तापमान’ यावर लागतील, नाहीतर आडवा अक्ष नुसता पाठ होतो.

सर्वांत स्वस्त साधन: टॉर्चचा जुन्या पद्धतीचा, तार असलेला २.५ व्होल्टचा बल्ब आणि दीड व्होल्टचे दोन सेल. एका सेलवर तार नारिंगी दिसते, दोन सेल जोडले की पिवळट पांढरी. बल्ब तोच, तार तीच, बदललं ते फक्त तापमान. इथे एलईडी वापरू नका. पांढऱ्या एलईडीचा रंग निळ्या प्रकाशावर आणि त्यावरच्या पिवळ्या लेपावर ठरतो, तापमानावर नाही. म्हणून मंद केला तरी तो तितकाच पांढरा राहतो आणि प्रयोग उलटंच शिकवतो. २३० व्होल्टच्या बल्बला डिमर लावून हेच करता येतं, पण मुलांच्या हातात द्यायचं असेल तर सेलच बरे.

तार ३००० केल्विनच्या वर जात नाही. म्हणजे काक्षीच्याही खालीच. पुढच्या तापमानांसाठी फेट या संकेतस्थळाचं कृष्णवस्तू प्रारणाचं सादरीकरण: तापलेली वस्तू कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश देते त्याचा वक्र. त्यात तापमापीची दांडी वर-खाली ओढता येते; बाजूला पृथ्वी, बल्ब, सूर्य आणि व्याध अशा खुणा आहेत. आधी उतरवून ठेवलं तर इंटरनेटशिवाय चालतं. क्रम असा ठेवा:

दांडी ३००० वर. वक्राचं शिखर कुठे आहे ते बघा: दृश्य पट्ट्याच्या बाहेर, अवरक्तात. आता ६००० केलं तर शिखर कुठे सरकेल आणि वक्राखालचं क्षेत्र किती पट होईल, याचा अंदाज वहीत लिहायला लावा. ‘दुप्पट’ असंच बहुतेक लिहितात. प्रत्यक्षात १६ पट, कारण तापमानाचा चौथा घात. दांडी ओढताच वक्र चौकटीच्या वर निघून जातो. उभ्या अक्षाचं भिंग लहान करावं लागतं. ते आधी सांगू नका, मुलांनाच करू द्या. १६ पट म्हणजे काय ते भिंगाच्या बटणाने कळतं.

शिखराचा हिशेब व्हीनच्या नियमाने: २८,९८,००० भागिले तापमान म्हणजे नॅनोमीटर. ३५०० ला ८२८, सूर्याच्या ५७७२ ला ५०२, १०,००० ला २९०. इथे प्रश्न येणारच: ५०२ म्हणजे हिरवा, मग सूर्य हिरवा का नाही? वक्र रुंद असतो, शिखराच्या दोन्ही बाजूंचे रंग मिसळून पांढराच होतो. हा प्रश्न आला नाही तर तुम्हीच विचारा.

आकडेमोड | ३ डिसेंबर, सकाळी ९.०५

याला जोडून: रंगांकावरून तापमान काढायला बालेस्टेरोस यांचं २०१२ चं सूत्र सोयीचं आहे. रंगांकाला ०.९२ ने गुणा. त्यात १.७ मिळवून उलटा अपूर्णांक घ्या, ०.६२ मिळवून दुसरा घ्या, दोघांची बेरीज ४६०० ने गुणा. सूर्याच्या ०.६५ ला ५७८० च्या आसपास येतं, छान. अभिजितच्या ०.०० ला सुमारे १०,१००. मानलं जातं ते ९६०० च्या जवळपास. काक्षीच्या १.८५ ला ३३३०, प्रत्यक्ष ३५००–३६००. पण चित्राच्या उणे ०.२३ ला १४,४०० येतं आणि चित्रा २५,००० च्या घरात आहे. अतितप्त ताऱ्यांचे बी आणि व्ही पट्टे दोन्ही शिखरापासून दूर, वक्राच्या एकाच उतारावर येतात. तापमान कितीही वाढलं तरी दोघांचं गुणोत्तर फारसं हलत नाही. म्हणून उणे ०.१ च्या डावीकडे सूत्र वापरू नका, वर्णपटवर्गावरून (ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेषांवरून ठरणाऱ्या गटावरून) तापमान घ्या.

प्रकाशरेघ | ३ डिसेंबर, दुपारी १.४०

बरोबर. आता पडद्यावरचे रंग. पुष्कळ चित्रांत काक्षी टोमॅटोसारखी लाल आणि राजन्य शाईसारखा निळा दाखवतात. मग मुलं गच्चीवर जाऊन म्हणतात, दोन्ही पांढरेच आहेत. ३५०० केल्विनचा रंग पडद्याच्या लाल-हिरवा-निळा मापात साधारण २५५, १९६, १३७ आहे, म्हणजे फिकट नारिंगी. १०,००० चा साधारण २०५, २२०, २५५, म्हणजे पांढऱ्यात निळ्याची झाक. मी दोन स्तर ठेवायला सांगेन: ‘डोळ्यांना दिसतो तसा’ आणि ‘गडद केलेला’, आणि कुठला चालू आहे ते पडद्यावर लिहिलेलं असू द्या. गडद करणं चूक नाही, न सांगता करणं चूक.

प्रोजेक्टरची अडचण वेगळी. ‘डायनॅमिक’ किंवा ‘प्रेझेंटेशन’ पद्धतीत पांढरा रंग हिरवट-निळा होतो. ‘एसआरजीबी’ किंवा ‘सिनेमा’ निवडा. ज्यांच्या रंगचक्रात पांढरा तुकडाही असतो अशा डीएलपी प्रोजेक्टरांत फिके रंग आणखी धुऊन निघतात. खोलीत थोडाही उजेड असला की काळा रंग राखाडी होतो आणि एका पिक्सेलचे ठिपके मरतात. ठिपक्याचा लहानात लहान व्यास ३ पिक्सेल ठेवा. एक ठिपका नारिंगी, दुसरा निळा एवढ्यावर विसंबू नका, रंग ओळखायला अडचण असलेलं एखादं मूल वर्गात असतंच. अक्षाखाली आकडे आणि ‘तप्त’, ‘थंड’ हे शब्द हवेत.

पुठ्ठेकाम | ३ डिसेंबर, रात्री ९.१५

धागा छान चालला आहे, पण एक कडी राहिली. ज्याला आकाशात रोहिणी कुठे आहे हे माहीत नाही त्याच्यासाठी रोहिणीचा ठिपका हा नुसता ठिपका. सत्राआधी आठवडाभर प्रत्येकाच्या हातात तारकाचक्र (तारीख आणि वेळ जुळवून आकाश दाखवणारा फिरता नकाशा) द्या. पुठ्ठ्याचं, स्वतः कापलेलं.

बाजारात मिळणारी बरीच चक्रं ४०–५० उत्तर अक्षांशांसाठी असतात. ती इथे निरुपयोगी. अगस्त्याची क्रांती (आकाशातला अक्षांश) उणे ५२.७; पुण्याच्या १८.५ अक्षांशावरून तो दक्षिणेला जवळजवळ १९ अंश वर येतो, ५० अक्षांशावर उगवतच नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी १९ अक्षांशाचं एकच चक्र पुरतं. चंद्रपुरात आणि सावंतवाडीत क्षितिजाचा फरक चारपाच अंशांचा पडतो, तेवढं क्षितिजावरची झाडंच खातात.

मापं: ध्रुव मध्यभागी, प्रत्येक अंशाला ०.८५ मिमी. १९ अक्षांशावर दक्षिण क्षितिज क्रांती उणे ७१ पर्यंत पोचतं, म्हणजे मध्यापासून १६१ अंश, त्रिज्या १३.७ सेंमी. ए-३ कागद २९.७ सेंमी रुंद. दोन्ही बाजूंना तारखांच्या पट्टीसाठी सेंटिमीटरभर उरतं. १ अंशाला १ मिमी धरलंत तर कागद पुरत नाही.

इथेच मोठी अडचण आहे. ध्रुवकेंद्री नकाशात दक्षिणेकडचे तारे आडवे ताणले जातात. क्रांती उणे ३० ला ताण २.४ पट, वृश्चिकाच्या नांगीजवळ, उणे ४० ला, ३ पट, आणि त्रिशंकूला ५ पटींहून जास्त. वृश्चिक ओळखू येत नाही म्हणून मुलं चक्र टाकून देतात. त्यामुळे चक्र दुतोंडी करा: एका बाजूला उत्तर आकाश, दुसऱ्या बाजूला दक्षिण ध्रुव मध्यभागी ठेवून दक्षिण आकाश. काम दुप्पट होतं पण वृश्चिक आणि त्रिशंकू बऱ्याच अंशी खऱ्या आकारात येतात.

नकाशा आरशातला छापला गेला का ते तपासायची खूण: उत्तर बाजूला शर्मिष्ठा ध्रुवाच्या वर धरा. ययाती तिच्या उजव्या हाताला आला पाहिजे. डावीकडे आला तर प्रिंट उलटी.

घड्याळाची चूक तर सगळे करतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची. चक्र स्थानिक वेळेवर चालतं. दर अंशाला ४ मिनिटं या हिशेबाने मुंबईत ३८, पुण्यात आणि पणजीत ३५, नागपुरात १४ मिनिटं घड्याळातून वजा करायची, मग चक्र लावायचं. केलं नाही तर पुण्यात आकाश जवळपास ९ अंश पुढे सरकलेलं दिसतं. सोपा उपाय म्हणजे तासांची पट्टी छापतानाच तेवढी फिरवून छापायची आणि कोपऱ्यात गावाचं नाव लिहायचं.

मधला रिव्हेट नसेल तर प्रेसबटण चालतं. टाचणी नको, दोन दिवसांत भोक मोठं होतं आणि चक्र डुगडुगतं.

नवखा_निरीक्षक | ४ डिसेंबर, सकाळी १०.००

मोबाईल आकाशाकडे धरला की ताऱ्याचं नाव येतं. मग पुठ्ठ्याचा खटाटोप कशासाठी?

पुठ्ठेकाम | ४ डिसेंबर, सकाळी १०.५०

मोबाईल ‘हा कोण’ याचं उत्तर देतो. ‘मार्चमध्ये रात्री नऊला मृग कुठे असेल’, ‘व्याध संध्याकाळी दिसेनासा कधी होतो’ यासाठी तारीख आणि वेळ यांचा संबंध हाताने फिरवावा लागतो. एक दिवस पुढे म्हणजे ४ मिनिटं लवकर, एक महिना म्हणजे दोन तास, हे चक्रावर एकदा फिरवलं की विसरत नाही.

मोबाईल वापरायचाच तर एवढं पाहा: चुंबक असलेलं कव्हर काढा, लोखंडी कठड्यापासून आणि गच्चीच्या पत्र्यापासून दोन-तीन मीटर दूर उभे राहा, फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा चार-पाच वेळा फिरवा. मग चंद्रावर किंवा गुरूवर धरून तपासा. होकायंत्र २० अंशांनी चुकलं तर रोहिणीला भलत्याच ताऱ्याचं नाव देईल आणि बघणारा तेच घेऊन घरी जाईल.

मघा_१० | ४ डिसेंबर, दुपारी ४.२०

दुतोंडी चक्र नक्की. टॉर्चचा बल्बही घेतला. आता एक प्रश्न: नक्षत्रातले तारे एकमेकांच्या जवळ असतात, हा समज कशाने मोडावा? मृग घ्यावा असं वाटत होतं.

आकडेमोड | ४ डिसेंबर, संध्याकाळी ६.३५

मृग नको. काक्षीचं अंतरच नक्की नाही, वेगवेगळ्या मोजमापांत ५०० ते ७०० प्रकाशवर्षं येतं. बाणातल्या मधल्या ताऱ्याचं तर आणखी अनिश्चित. मुलांनी उद्या दुसऱ्या ठिकाणी दुसरा आकडा वाचला की सगळ्यावरचाच विश्वास जातो.

सप्तर्षी घ्या. अंतरं पक्की आहेत आणि गोष्ट जास्त चांगली आहे. मरीची १०४ प्रकाशवर्षं, वसिष्ठ, अंगिरस आणि पुलस्त्य ८३ च्या जवळपास, अत्री आणि पुलह ८० च्या, क्रतू १२३. मधले पाच खरोखरच एकत्र चाललेल्या एका तारकासमूहाचे आहेत. टोकाचे दोन, क्रतू आणि मरीची, उपरे. म्हणजे ‘नक्षत्रातले तारे जवळ नसतात’ हेही सरसकट खरं नाही, हे त्याच प्रतिकृतीत दिसतं.

पुठ्ठेकाम | ४ डिसेंबर, रात्री ८.१०

प्रतिकृती अशी: एक सेंमीला एक प्रकाशवर्ष. सव्वा मीटर लांब टेबल. एका टोकाला पुठ्ठ्यात पेन्सिलीएवढं भोक, तिथे डोळा. भोकापासून ८० सेंमीवर एक पारदर्शक फाइल-कागद उभा करून त्यावर सप्तर्षींचे सात ठिपके. भोकातून प्रत्येक ठिपक्याच्या रेषेत दोरा ताणायचा, आणि मोजपट्टीने ८०, ८३, १०४, १२३ सेंमीवर मणी अडकवायचे. अत्री-पुलहाचे मणी कागदाला टेकतात. भोकातून पाहिलं की सप्तर्षी. टेबलाच्या बाजूने पाहिलं की पाच मण्यांचा पुंजका आणि दोन मागे गेलेले.

दोरा सुती घेऊ नका, मण्याच्या वजनाने लोंबतो. मासेमारीची नायलॉनची बारीक तार घ्या. मणी घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंना गाठ, फेविकॉलने काम होत नाही.

ऑफलाइन | ४ डिसेंबर, रात्री ९.४०

हेच स्टेलॅरियममध्ये काळ पुढे नेऊन दाखवता येतं. ए दाबून वातावरण आणि जी दाबून जमीन बंद करा. एफ-३ ने अत्री शोधा, नाव मेग्रेझ टाकावं लागतं, आणि स्पेसबार दाबून तो मध्यभागी धरून ठेवा. मग एफ-५ च्या चौकटीत वर्ष २०,००० करा, मग ५०,०००, मग ९०,०००. पाच तारे आपला आकार बराचसा राखून सरकतात, क्रतू आणि मरीची वेगळ्याच दिशेने जातात, पळीचा दांडा आणि तोंड दोन्ही मोडतात. परांचनामुळे (पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो त्यामुळे) चित्र गरगर फिरतं, म्हणून अत्री धरून ठेवणं आवश्यक आहे. नाहीतर सप्तर्षी पडद्याबाहेर जातात आणि मुलांना तीच निजगती (ताऱ्याचं आकाशातलं स्वतःचं सरकणं) वाटते.

प्रोजेक्टरवर स्टेलॅरियम लावताना: आधी एफ-६ मध्ये गाव स्वतः निवडा, आपोआप ओळखलेलं ठिकाण बऱ्याचदा दुसऱ्याच शहराचं असतं. एफ-४ मध्ये ताऱ्यांच्या ठिपक्यांचं माप वाढवा. तिथेच प्रकाशप्रदूषणाची बॉर्टल श्रेणी आहे. ८ वरून ३ वर स्वतः मुलांनी आणावी, शहरातलं आकाश आणि गावातलं आकाश तिथे एका बोटाच्या हालचालीवर येतं. जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम उघडतानाच बंद पडत असेल तर कारण बहुधा ओपनजीएल (पडद्यावर चित्र काढणारी ग्राफिक्स प्रणाली). जुन्या यंत्रांसाठी क्यूटी-५ वर बांधलेली आवृत्ती वेगळी मिळते, ती घाला.

आता वेबपानाबद्दल. इंटरनेट नाही म्हटल्यावर पान पेनड्राइव्हवरून दुहेरी क्लिकने उघडणार. तसं उघडलेलं पान शेजारची सीएसव्ही वाचायला गेलं की ब्राउझर सुरक्षेच्या कारणाने अडवतो आणि कोरी चौकट दिसते. घरी सर्व्हरवर चाललेलं पान वर्गात चालत नाही ते यामुळे. तुमचे तारे जेमतेम ४० आहेत. त्यांचे आकडे पानातच एका जावास्क्रिप्ट यादीत टाका. एकच फाइल, बाहेरून काही मागवायचं नाही, फॉन्टसुद्धा नाही.

४० ठिपक्यांना एसव्हीजी (प्रत्येक ठिपका वेगळा घटक ठेवणारी चित्रपद्धत) उत्तम, प्रत्येक ठिपक्याला स्पर्श आपोआप कळतो. पण उद्या सगळे लाखभर तारे पार्श्वभूमीला टाकावेसे वाटले तर ते कॅनव्हासवर (सगळं मिळून एकच चित्र) काढा, एसव्हीजीत ब्राउझर गोठतो. मोबाईलवर ठिपका ६ पिक्सेलचा दिसला तरी बोटासाठी भोवती ४४ पिक्सेलचं अदृश्य वर्तुळ ठेवा. आणि उभा अक्ष उलटा करायला विसरू नका: प्रत कमी म्हणजे तेज जास्त.

प्रकाशरेघ | ५ डिसेंबर, सकाळी ८.००

अक्षाबद्दल एक गोष्ट मुद्दाम दाखवण्यासारखी आहे. पानावर तिसरं बटण द्या: ‘साधी मोजपट्टी’. प्रतीऐवजी सूर्याच्या पटीतलं तेज सरळ मापाने. राजन्य सूर्याच्या काही दहा हजार पट, प्रॉक्सिमा दृश्य प्रकाशात सूर्याच्या वीस हजाराव्या भागाएवढी. राजन्य माथ्यावर ठेवला तर बाकी जवळजवळ सगळे तळाशी एका रेघेत चिरडले जातात. प्रतीची किंवा लॉगची मोजपट्टी का लागते ते या एका बटणाने कळतं.

आणि तारे किती मोठे, याचा स्लायडर. तेज आणि तापमान दिलं की त्रिज्या निघते: तेजाचं वर्गमूळ गुणिले (५७७२ भागिले तापमान) याचा वर्ग. सूर्य २ मिमीच्या मोहरीएवढा धरला तर व्याध साडेतीन मिमी, स्वाती ५ सेंमी, रोहिणी ९, राजन्य १५, काक्षी जवळजवळ दीड मीटर, आणि व्याधाचा श्वेत बटू जोडीदार केसापेक्षा बारीक. त्याच मापाने प्रॉक्सिमा ५८ किलोमीटरवर: मोहरी पुण्यात, प्रॉक्सिमा खंडाळ्याच्या आसपास. आकार आणि अंतर एकाच चित्रात कधीही दाखवू नका, दोन्हींपैकी एक खोटं होतंच.

नवखा_निरीक्षक | ५ डिसेंबर, सकाळी ११.१५

एचआर आकृतीवर तारा जन्मापासून शेवटपर्यंत सरकताना दाखवणारे ॲनिमेशन बरेच आहेत. ते शेवटी लावले तर?

मघा_१० | ५ डिसेंबर, दुपारी १२.३०

मला ते शेवटी नको आहेत, निदान पहिल्या सत्रात तरी. मुख्य क्रम डावीकडून उजवीकडे उतरतो. त्यावर सरकणारा ठिपका दाखवला की मुलं धरून चालतात की निळा तारा म्हातारा होत होत नारिंगी होतो आणि मग लाल बटू होतो. मुख्य क्रम ही वयाची रांग नाही, वस्तुमानाची आहे. वय दाखवायचं तर तारकागुच्छ: एकाच वेळी जन्मलेले तारे. कृत्तिका, रोहिणीशकट, पुष्यातला गुच्छ आणि एम-६७, चार रंगांत, एकेक बटणाने. कृत्तिकांचा क्रम वरपर्यंत निळा राहतो, साधारण १० कोटी वर्षांचा गुच्छ. रोहिणीशकट आणि पुष्य ६०–७० कोटींचे, वरचं टोक झडलेलं. एम-६७ सुमारे ४०० कोटींचा, टोक आणखी खाली आणि लाल महाकाय ताऱ्यांची फांदी उजवीकडे वळलेली. कोणाचं टोक कुठे तुटलं ते बोटाने दाखवायचं, एवढंच.

विदा कशी गाळू?

आकडेमोड | ५ डिसेंबर, दुपारी २.५०

इथे मात्र गाया. कृत्तिकांसाठी विषुवांश (आकाशातला रेखांश) ५६.७५ अंश, क्रांती २४.१ भोवती २ अंशांचं वर्तुळ घ्या. पराशय ७.० ते ७.७ मिलिसेकंद. एवढ्यावर थांबलात तर वाटेतले परके तारे आत येतात, म्हणून निजगतीही लावा: विषुवांशात वर्षाला अधिक २० मिलिसेकंदांच्या आसपास, क्रांतीत उणे ४५ च्या आसपास, दोन्हीकडे ५ ची सूट. मुलांना आधी न गाळलेली आकृती दाखवा, मग पराशयाची गाळणी, मग निजगतीची. विस्कटलेल्या ठिपक्यांतून क्रम निवळत येतो, तो प्रत्येक टप्पा बटणावर ठेवा. सर्वांत ठळक सहा-सात कृत्तिकांचे आकडे हिप्पार्कसमधून घ्या, पण वर म्हटल्याप्रमाणे रंगांक वेगळा असल्याने त्यांना वेगळ्या खुणेने दाखवा.

रोहिणीशकटासाठी निजगतीची साधी चौकट चालत नाही. गुच्छ १५३ प्रकाशवर्षांवर, इतका जवळ की आकाशात पसरट आहे आणि त्याच्या ताऱ्यांची निजगती एका बिंदूकडे वळत जाते. एका टोकाचा आकडा दुसऱ्या टोकाला लागू पडत नाही. पराशयाची गाळणी १९ ते २४ ठेवा आणि निजगतीची चौकट सैल. थोडे परके येतील, चालेल. आणि रोहिणी स्वतः त्या यादीत येणार नाही: ती ६५ प्रकाशवर्षांवर आहे, शकटाच्या अर्ध्या वाटेवरही नाही. डोळ्यांना मात्र ती शकटातलीच वाटते.

मघा_१० | ५ डिसेंबर, दुपारी ३.२०

मग रोहिणीचा ठिपका हाताने टाकते, पोकळ वर्तुळ करून, आणि नाव लिहीत नाही. शकटाचा क्रम उमटल्यावर हा ठिपका त्यातला आहे की नाही, ते मुलांनी दोन अंतरांवरून ठरवायचं.